आधी टाकी, महिन्याने मासे: घरच्या ॲक्वेरियमची शिस्त

काचेची टाकी, निळी-गुलाबी खडी, बुडबुडे सोडणारा प्लॅस्टिकचा शिंपला आणि पिशवीत सहा मासे. बहुतेक घरांत हे सगळं एकाच संध्याकाळी येतं. आठ-दहा दिवसांत सहाचे दोन होतात. दुकानदार सांगतो, पाणी बदला. पाणी बदललं की उरलेले दोनही जातात, आणि घरात ठरून जातं की आपल्याला मासे लाभत नाहीत.

लाभण्या-न लाभण्याचा प्रश्न नसतो. नव्या टाकीत माशांची घाण पचवणारे जीवाणूच नसतात, म्हणून मासे स्वतःच्याच घाणीने मरतात. जीवाणूंची वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून या लेखात खरेदीचा क्रम उलटा आहे: आधी घरचं पाणी ओळखायचं, मग त्या पाण्याला मानवणारे मासे ठरवायचे, मग टाकी आणायची, ती महिनाभर रिकामी चालवायची आणि शेवटी मासे आणायचे. उदाहरणासाठी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी टाकी धरली आहे. फ्लॅटमध्ये ती सहज मावते आणि नवशिक्याच्या चुका बऱ्यापैकी पोटात घालते.

घरचं पाणी कसलं आहे?

शहराच्या नळाला येणारं धरणाचं पाणी साधारणपणे मऊ असतं, दख्खनच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी बहुधा कठीण. ओळखायला मोठी तपासणी लागत नाही. बादलीवर, नळाच्या तोंडाशी पांढरे खवले धरत असतील आणि साबणाला फेस येत नसेल तर पाणी कठीण आहे. पाण्याचा स्वभाव बदलायच्या फंदात पडू नका. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचं माप, वर-खाली करणाऱ्या बाटल्या मिळतात, पण त्यांनी आज उतरलेला पीएच दोन दिवसांत पुन्हा चढतो आणि हा झोका माशांना मूळ पाण्यापेक्षा जास्त जाचतो. पाण्याला साजेसे मासे निवडणं कितीतरी सोपं.

आरओचं पाणी शुद्ध म्हणून थेट भरणारेही पुष्कळ आहेत. त्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे पीएच सावरून धरणारं काही उरत नाही आणि माशांनाही ते सोसत नाही. बोअरचं पाणी फारच जड असेल तर त्यात थोडं आरओ मिसळायला हरकत नाही. नुसतं आरओ मात्र नको.

नळाच्या पाण्यातलं क्लोरिन माशांचे कल्ले जाळतं आणि फिल्टरमधले जीवाणूही मारतं. उघड्या बादलीत पाणी हवेचा दगड (हवेच्या पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) लावून रात्रभर ठेवलं तर साधं क्लोरिन उडून जातं. घाई असेल तर दुकानात अँटीक्लोरिन म्हणून थेंब मिळतात. त्यातला मुख्य घटक बहुधा सोडियम थायोसल्फेट, म्हणजे जुन्या फोटोग्राफरांचा हायपो. पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळ झालं की पालिका क्लोरिन वाढवते. त्या दिवसांत रात्रभर ठेवलेल्या पाण्यातही थेंब घाला. नळाला क्लोरिनचा वास येत असेल तर नक्कीच.

कोणते मासे, आणि कोणते नकोत

दुकानात प्रत्येक मासा दीड-दोन इंचांचाच दिसतो. तो मोठा किती होणार हे विचारल्याशिवाय पिशवी हातात घेऊ नका. काचेला चिकटून शेवाळ खाणारा सकर टाकी साफ ठेवतो म्हणून हमखास गळ्यात मारला जातो. तो फूट-दीड फूट वाढतो आणि खातो त्याहून जास्त घाण करतो. वाढल्यावर लोक त्याला नदी-तलावात सोडून देतात. उजनीच्या जलाशयात आज मच्छीमारांच्या जाळ्यात सकर येतो, जाळी फाडतो आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. शार्क म्हणून विकलं जाणारं चंदेरी पिल्लू बहुतेकदा पंगॅसियस असतं, तेही तीन-चार फुटांवर जातं. ऑस्कर फूटभर होतो. अरोवाना दोन-तीन फुटांचा. वास्तूसाठी अरोवाना किंवा फ्लॉवरहॉर्न सुचवणारे सल्लागार दिशा बिनचूक सांगतात, पण त्या माशाला किती लिटर पाणी लागेल ते सांगत नाहीत.

गोल्डफिशबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सर्वांत जास्त अन्याय त्याच्यावर होतो. गोल काचेच्या भांड्यातला गोल्डफिश आपण सिनेमात आणि कॅलेंडरवर इतका पाहिला आहे की ते त्याचं घरच वाटतं. प्रत्यक्षात गुबगुबीत जातीचा गोल्डफिशही सहा-आठ इंच वाढतो, नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं जगतो आणि घाण भरपूर करतो. दोन फुटी टाकीतही तो कायमचा राहू शकत नाही. गोल्डफिशच हवे असतील तर दोन माशांसाठी तीन फुटांची, दीडशे लिटरच्या आसपासची टाकी आणि दणकट फिल्टर लागेल. शिवाय त्याला थंड पाणी मानवतं, म्हणून उष्ण पाण्यातल्या माशांबरोबर त्याची जोडी जमत नाही.

मग दोन फुटी टाकीत ठेवायचं काय? मऊ किंवा मध्यम पाणी असेल तर माझी पहिली पसंती झेब्रा डॅनियोला. हा आपल्याच उपखंडातल्या ओढ्यांचा, शेतातल्या पाण्याचा मासा आहे. जगभरच्या प्रयोगशाळांत तो संशोधनासाठी पाळतात यावरूनच त्याचा चिवटपणा कळावा. थंडीत पाणी वीस अंशांपर्यंत उतरलं तरी तो तक्रार करत नाही. आठ जणांचा थवा घ्या. दोन-तीनच घेतले तर ते एकमेकांच्या मागे लागतात. त्यांच्यासोबत हनी गुरामीची एक जोडी शोभते, तीही गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातलीच. निऑन टेट्रा दिसायला अप्रतिम, पण नव्या टाकीत टिकत नाही. त्याला टाकी सहा महिने जुनी झाल्यावर आणा.

बोअरचं कठीण पाणी असेल तर गप्पी, प्लॅटी किंवा मॉली घ्या. हे पिल्लं घालणारे मासे आहेत, आणि दुकानातून आणलेली गप्पीची मादी बहुतेक वेळा गाभणच असते. नराशिवायही ती पुढचे काही महिने पिल्लं घालत राहते. सोसायटीतल्या प्रत्येक घरी गप्पी वाटत फिरायचं नसेल तर फक्त नर आणा, तसेही रंग त्यांच्याच शेपटीत असतात.

फायटर एकटाच ठेवायचा असतो. दोन नर एका टाकीत ठेवले तर एक मरतो. तो पाण्याबाहेरची हवाही घेऊ शकतो, म्हणून दुकानात पेल्यात ठेवलेला दिसतो. पेल्यात जिवंत राहणं वेगळं आणि नीट जगणं वेगळं. त्याला पंधरा-वीस लिटर तरी पाणी, झाकण आणि मंद प्रवाह हवा.

एन्जल फिशला उंच टाकी लागते, आणि तो वाढला की निऑन खातो. टायगर बार्ब लांब शेपटीच्या माशांचे पर कुरतडतो. गुलाबी-हिरवा विडो टेट्रा, पाठीवर रंगाची रेघ असलेला ग्लासफिश, अंगावर नक्षी काढलेला पॅरट यांचे रंग अनेकदा सुईने किंवा रसायनात बुडवून चढवलेले असतात. ते विकत घेऊ नका.

टाकी, जागा आणि वीज

आपल्या टाकीचं माप सेंटिमीटरमध्ये ६० × ३० × ३०, म्हणजे काठोकाठ ५४ लिटर. खडी घातल्यावर आणि वर थोडी जागा सोडल्यावर प्रत्यक्षात ४५ लिटरच्या आसपास पाणी राहतं. काच, खडी, पाणी मिळून वजन ७० किलोपर्यंत जातं. ते पेलणारं आणि लेव्हल लावून सपाट केलेलं स्टँड हवं. टीव्हीचा प्लायवूडचा रॅक चालणार नाही. टाकीखाली थर्माकोल किंवा फोमची शीट घाला, म्हणजे काचेवर एका बिंदूत ताण येत नाही. आधी गॅलरीत पाणी भरून दोन दिवस ठेवा आणि गळते का पाहा. भरलेली टाकी कधीही उचलू नका.

खिडकीतलं थेट ऊन नको, कारण शेवाळ माजतं आणि उन्हाळ्यात पाणी तापतं. स्वयंपाकघरही नको. नळ आणि मोरी मात्र फार लांब नसावी. दर आठवड्याला बादल्या तुम्हालाच वाहायच्या आहेत.

विजेच्या प्रत्येक वायरला प्लगच्या खाली एक झोळ ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता झोळाच्या टोकावरून गळून पडतं. घरात आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवलेला असावा. पाण्यात हात घालण्यापूर्वी सगळी बटणं बंद करायची, हे मुलांनाही शिकवा.

फिल्टर ही चैन नाही. तासाला टाकीच्या चार-पाच पट पाणी फिरवणारा हवा, म्हणजे आपल्यासाठी ताशी २०० ते २५० लिटरचा. हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर स्वस्त, सोपा आणि पिल्लांना सुरक्षित असतो. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवणार असाल तर नळीत उलट पाणी अडवणारा व्हॉल्व्ह घाला. नाहीतर वीज गेली की पाणी नळीतून पंपात आणि तिथून जमिनीवर येतं.

हीटर मुंबई-कोकणात बहुतेक वर्षभर लागत नाही. नाशिक, पुणे, विदर्भाच्या थंडीत लागतो. लिटरला एक वॉट हा हिशेब पुरे, ५० वॉटचा घ्या. डॅनियोच ठेवणार असाल तर पुण्यातही बऱ्याच घरांत त्याशिवाय भागतं.

तळाला दीड-दोन इंच बारीक खडी पुरे. ती पाणी नितळ येईपर्यंत धुवा. अणकुचीदार खडी आणि किनाऱ्यावरून आणलेले शंख टाळा, शंखांनी पाणी कठीण होत जातं. झाडं शक्यतो खरी लावा. अनुबियास आणि जावा फर्न कमी उजेडात जगतात. त्यांचं जाडसर खोड खडीत पुरायचं नाही, दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधायचं. व्हॅलिस्नेरिया खडीत मुळं धरते. दिवा रोज सहा ते आठ तास, त्याहून जास्त नाही.

महिनाभर रिकामी टाकी

इथेच लोकांचा धीर सुटतो. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया येतो, तो विषारी. एका प्रकारचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जीवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य आणि पाणी बदलून काढता येतं. हे जीवाणू पाण्यात तरंगत नसतात. ते फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर चिकटून राहतात आणि फार सावकाश वाढतात. मासे नसताना त्यांना खायला अमोनिया आपण द्यायचा.

पाणी भरा, क्लोरिन घालवा, फिल्टर चालू करा, आणि तो इथून पुढे कायम चालूच. मग प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातलं शुद्ध अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर, ४५ ते ५० लिटरला ०.३ ग्रॅम घाला. अमोनिया साधारण २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) होतो. किराणा दुकानातला नवसागर शुद्ध असेलच असं नाही, तो नको. नवसागर मिळालाच नाही तर रोज माशांच्या खाद्याची चिमूट टाकून ते कुजू द्या. वेळ जास्त लागतो आणि वास येतो, पण काम होतं.

अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट मोजायचं थेंबांचं किट घ्या. कागदी पट्ट्यांपेक्षा ते भरवशाचं. टाकीच्या सजावटीवर खर्च करायचे पैसे याच्यावर करा. किटशिवाय हा महिना आंधळेपणाने काढावा लागतो.

पहिल्या आठवड्यात पाणी दुधाळ होईल. ते बदलू नका, आपोआप निवळतं. साधारण दुसऱ्या आठवड्यात अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइट चढतं. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा तेवढाच घाला. नायट्राइट बराच काळ वरच अडकून राहतं, या टप्प्यावर सगळं बिघडलं असं वाटतं. वाट पाहा. २ पीपीएम अमोनिया घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की टाकी तयार झाली. मग अर्ध्याहून अधिक पाणी बदलून साठलेलं नायट्रेट काढा आणि मासे आणायला निघा.

हा काळ कमी करायचा एकच खात्रीचा मार्ग आहे: निरोगी जुनी टाकी असलेल्या मित्राकडून वापरलेला, मळका स्पंज. ओलाच आणा आणि आपल्या फिल्टरजवळ ठेवा. पाणी २६ ते २८ अंश ठेवलं तरी वेग वाढतो. जुन्या टाकीचं नुसतं पाणी आणून मात्र काही होत नाही.

मासे आणण्याचा दिवस

आपल्याकडच्या दुकानांत बरेच मासे चेन्नईच्या कोळत्तूरहून किंवा कोलकात्याहून पिशव्यांतून येतात. माल कधी आला ते विचारा. आजच आला असेल तर आठवड्याने या, तोवर जे मरायचे ते दुकानातच मरतील. ज्या टाकीत एकही मेलेला मासा आहे त्या टाकीतला दुसरा घेऊ नका. पर मिटलेला, पोट खपाटीला गेलेला, कोपऱ्यात धापा टाकणारा, अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके असलेला मासा नको. दुकानदाराला चिमूटभर खाद्य टाकायला सांगा. जो धावून येईल तो तुमचा.

घरी पिशवी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या. मग उघडून दर पाच मिनिटांनी वाटीभर टाकीचं पाणी त्यात घाला. पिशवी दुप्पट भरली की जाळीने मासे टाकीत सोडा आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओता. त्या दिवशी दिवा आणि खाद्य दोन्ही बंद. सगळे मासे एकदम आणू नका. चार आणा, दोन आठवडे थांबा, मग पुढचे. नंतर आणलेले मासे आधी प्लॅस्टिकच्या मोठ्या टबात स्पंज फिल्टरवर दोन-तीन आठवडे वेगळे ठेवले तर एका माशाचा रोग साऱ्या टाकीला लागत नाही.

दर आठवड्याचं काम

एक दिवस ठरवा. पाव ते एक तृतीयांश पाणी बदलायचं, एवढंच मुख्य काम. हीटर पंधरा मिनिटं आधी बंद करा, पाण्याबाहेर आलेला गरम हीटर तडकतो. नळीने खडीतला गाळ ओढून घ्या. तोच गाळ आणि पाणी कुंड्यांना घाला, झाडं खूश होतात. नवं पाणी क्लोरिन काढलेलं आणि साधारण त्याच तापमानाचं असावं.

फिल्टरचा स्पंज महिन्यातून एकदा, टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात दाबून स्वच्छ करा. नळाखाली धरलात तर महिनाभर वाढवलेली वस्ती क्लोरिनमध्ये जाते. खडी, फिल्टर, काच सगळं बाहेर काढून घासणं, तेही दिवाळीच्या साफसफाईत, हा टाकी मारायचा हमखास उपाय आहे. साबण टाकीच्या जवळपासही नको. बादली आणि नळी फक्त टाकीसाठी ठेवा आणि तसं त्यांच्यावर लिहा, म्हणजे कामाच्या मावशी त्यात फिनेल ओतणार नाहीत.

खाद्य एक-दोन मिनिटांत संपेल इतकंच, दिवसातून एक-दोन वेळा. आठवड्यातून एक दिवस उपास. पाव, चुरमुरे, शेव, पोळीचे तुकडे बंद. घरातला प्रत्येक जण मायेने चिमूट टाकतो, म्हणून खाऊ घालणारा एकच माणूस ठरवा.

नायट्रेट ४० पीपीएमच्या वर जात असेल तर मासे जास्त आहेत, खाद्य जास्त आहे किंवा पाणी कमी बदललं जातंय.

आपल्याकडच्या खास अडचणी

डासांची कॉइल, लिक्विड आणि फवारे यांतली पायरेथ्रॉइड कीटकनाशकं माणसाला फारशी जाणवत नाहीत, माशांना मात्र अत्यंत विषारी असतात. हवेचा पंप खोलीतली तीच हवा थेट पाण्यात सोडतो. ज्या खोलीत टाकी आहे तिथे हे लावू नका, मच्छरदाणी वापरा. घरात पेस्ट कंट्रोल किंवा रंगकाम असेल तर पंप बंद करून टाकी ओल्या चादरीने पूर्ण झाका, आणि खोली मोकळी झाल्यावरच पंप लावा.

वीज जाणं ही दुसरी अडचण. मासे कमी असतील तर टाकी काही तास तग धरते, फिल्टरमधले जीवाणू मात्र प्राणवायूवाचून गुदमरू लागतात. बॅटरीवर चालणारा छोटा पंप घरात असू द्या. नसेल तर मगाने पाणी उचलून उंचावरून टाकीत सोडत राहा. बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर बरेच तास बंद राहिला असेल तर त्यातलं कुजकट पाणी आधी ओतून टाका, मग चालू करा.

नागपूर-अकोल्याच्या मेमध्ये पाणी ३३-३४ अंशांवर जातं आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा लावा, बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. बर्फ थेट टाकू नका. गोठवलेली बाटली सोडायची तर लहानच, आणि तापमान बघत.

मासे आजारी वाटले तर

औषधाआधी पाणी तपासा. मासे वर येऊन धापा टाकत असतील तर बहुतेकदा अमोनिया, नायट्राइट किंवा प्राणवायूची कमतरता असते. लगेच अर्धं पाणी बदला. बोअरच्या, आठच्या वर पीएच असलेल्या पाण्यात थोडा अमोनियाही जास्त विखारी ठरतो.

पांढरे ठिपके हा सर्वांत नेहमीचा रोग, आणि तो बरा होतो. तापमान दोन दिवसांत हळूहळू ३० अंशांवर न्या, हवा वाढवा आणि लिटरला २ ग्रॅम मीठ विरघळवून दोन-तीन वेळा विभागून घाला. अंगावरच्या ठिपक्यातला परजीवी सुरक्षित असतो, तो सुटून पाण्यात पोहू लागला की मरतो. म्हणून ठिपके गेल्यावरही आठवडाभर उपचार चालू ठेवा. कोरिडोरास या तळाशी राहणाऱ्या माशाला आणि काही झाडांना मीठ मानवत नाही. दुकानातली निळी बाटली, म्हणजे मेथिलीन ब्लू, मुख्य टाकीत ओतू नका. ते फिल्टरचे जीवाणू मारतं आणि काचेच्या सांध्यातलं सिलिकॉन कायमचं निळं करतं. वापरायचं तर वेगळ्या टबात.

खवले अननसासारखे उभे राहून अंग फुगलेला मासा क्वचितच वाचतो. त्याला वेगळा करा. मेलेला मासा दिसताच काढून कुंडीत खोल पुरा.

गावाला जाताना

चार-पाच दिवस निरोगी मोठ्या माशांना खाद्याशिवाय काही होत नाही. जाण्याच्या आदल्या दिवशी पाणी बदला, दिव्याला टायमर लावा आणि निघा. जास्त दिवस असतील तर शेजाऱ्यांसाठी एक-एक वेळच्या खाद्याच्या पुड्या करून त्यांवर तारखा लिहा, दर दोन-तीन दिवसांना एक, आणि खाद्याचा डबा कपाटात कुलपात ठेवून जा.